पाणी कुठं मुरतंय: बंद खाणींचा नकाशा कसा बनतो

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खाणी किती, असं विचारलं तर राज्याचं खाण खातं सुमारे २३,००० असा आकडा सांगतं. हा अंदाज आहे आणि तो अंदाजच राहणार, कारण मोजायचं नेमकं काय इथपासूनच अडचण सुरू होते. सिल्व्हरटन गावाभोवतीचा एखादा डोंगर घ्या. त्याच्या उतारावर वेगवेगळ्या उंचीवरून चार आडवे बोगदे आत शिरलेले असतात. माथ्याजवळ एक उभा शाफ्ट असतो. मधल्या भागात कुणीतरी चांदीच्या आशेनं खणून अर्धवट टाकलेले दहा-बारा खड्डे असतात. प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी उपसलेल्या दगडांचा ढीग आणि खाली ओढ्याकाठी, खनिज दळून धातू काढून घेतल्यावर उरलेला बारीक गाळ. कागदोपत्री ही सगळी मिळून एक खाण. वाट चुकलेल्या गिर्यारोहकासाठी मात्र त्या वीस-पंचवीस वेगवेगळ्या धोक्याच्या जागा आहेत, आणि ओढ्यातल्या माशांच्या जिवावर उठलेला त्यातला कदाचित एकच बोगदा असतो.

म्हणून हे काम करणारे लोक खाणी मोजत बसत नाहीत. बोगद्याचं तोंड, शाफ्ट, खड्डा, दगडांचा ढीग, गाळाचं मैदान अशी प्रत्येक गोष्ट ते स्वतंत्रपणे नोंदवतात. या पद्धतीनं मोजलं की आकडे फुगतात. अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसनं २०२० मध्ये सांगितलं, की केंद्र सरकारच्या जमिनींवर धातूखाणींच्या अशा किमान १,४०,००० नोंदी वेगवेगळ्या खात्यांच्या दप्तरी आहेत. दप्तरात न आलेल्या आणखी सुमारे ३,९०,००० असाव्यात, असा खात्यांचाच अंदाज होता.

एवढ्या सगळ्या भोकांवर ठिपके काढले म्हणजे नकाशा झाला, असं वाटणं साहजिक आहे. पण ठिपके काढणं हा त्यातला सोपा भाग. कोणत्या तोंडातून काय बाहेर पडतं, ते कुठं जातं आणि जमिनीच्या पोटात ते तोंड आणखी कुणाला जोडलेलं आहे, हे कळलं तरच कुठं आधी हात घालायचा ते ठरतं. नकाशा करायचा तो त्यासाठी. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला सान हुआन पर्वतरांगेत हे काम गेली तीसेक वर्षं चाललं आहे. ते टप्प्याटप्प्यानं कसं होतं आणि कुठं फसतं, ते पाहू.

खाणी बेवारस झाल्या कशा

कोलोरॅडोत सोन्याची धावपळ १८५९ मध्ये सुरू झाली. सान हुआनचे डोंगर तेव्हा यूट जमातीच्या ताब्यात होते. १८७३ च्या ब्रुनॉट करारानं ते त्यांच्याकडून काढून घेतले गेले आणि पाठोपाठ, समुद्रसपाटीपासून ९,३०० फुटांवर, सिल्व्हरटन वसलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७२ मध्ये, अमेरिकेचा खाण कायदा झाला होता. सरकारी जमिनीवर धातूची शीर सापडली की सापडणाऱ्यानं १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद पट्ट्यावर हक्क सांगायचा. पुढं ठरावीक काम करून, एकरी पाच डॉलर भरून तो पट्टा कायमचा आपल्या नावावर करून घ्यायचा. खणून झाल्यावर जागा पूर्ववत करावी, अशी अट त्या कायद्यात कुठंही नव्हती.

त्यामुळं चांदीचा भाव पडला, शीर संपली किंवा भांडवल आटलं, की लोक हत्यारं उचलून चालू लागायचे. कोळशाच्या बाबतीत १९७७ च्या कायद्यानं चालू खाणींवर टनामागं शुल्क बसवलं आणि त्या पैशातून जुन्या कोळसा खाणी दुरुस्त होऊ लागल्या. धातूखाणींसाठी असा कायमचा पैशाचा झरा नाही. मालक मरून गेलेला, कंपनी बुडालेली, पैसा मोजका आणि भोकं हजारो. म्हणून आधी काय आणि नंतर काय, हे ठरवून देणाऱ्या नकाशाला एवढं महत्त्व आलं.

सुरुवात कागदांपासून

पहिलं काम डोंगरावर होत नाही, दप्तरखान्यात होतं. हक्काच्या पट्ट्यांची मोजणी सरकारी मोजणीदारांनी केलेली असते आणि तिचे नकाशे केंद्राच्या भूमी खात्याकडं आहेत. सिल्व्हरटनच्या परिसरात हे लांबट पट्टे एकमेकांवर इतके आडवेतिडवे चढलेले दिसतात, की शीर कोणत्या दिशेनं धावत होती हे नुसत्या नकाशावरूनही कळावं. राज्याच्या खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल, जुन्या कारखान्यांचे विमा नकाशे, भूवैज्ञानिकांची वर्णनं, सगळं गोळा केलं जातं. फ्रेडरिक रॅन्सम या भूवैज्ञानिकानं १९०१ मध्ये सिल्व्हरटन भागाचा जो अहवाल छापला, तो आजही कामाला येतो, कारण त्या वेळी खाणी चालू होत्या आणि त्याला आत जाऊन पाहता आलं होतं. आज तिथं कुणी पाऊल टाकू शकत नाही.

दुसरा मोठा साठा म्हणजे यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे, जुने स्थलदर्शक नकाशे. त्यावर फुली असेल तर तो चाचपणीसाठी खणलेला खड्डा. अर्धा काळा, अर्धा पांढरा लहानसा चौकोन म्हणजे उभा शाफ्ट. इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे आडवा बोगदा, आणि त्या वायची दांडी बोगदा डोंगरात कोणत्या दिशेला शिरतो ते दाखवते. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या कुदळी म्हणजे उघडी खाण. या संस्थेनं देशभरातल्या जुन्या नकाशांवरच्या अशा खुणा एकेक करून संगणकात उतरवण्याचं काम केलं. कंटाळवाणं काम, पण त्यामुळं कुणीही आपल्या भागातल्या खुणा एका बैठकीत पाहू शकतो.

कागद मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा असे नसतात. एकाच खाणीला तीन मालकांनी तीन नावं दिलेली असतात, आणि 'लास्ट चान्स'सारखं एकच नाव निरनिराळ्या खोऱ्यांत अनेक खाणींना असतं. दोन याद्या एकत्र केल्या की एक खाण दोनदा मोजली जाते किंवा दोन खाणींची एक होऊन बसते. त्याहून फसवी चूक निर्देशांकांची. जुने नकाशे १९२७ मध्ये ठरवलेल्या आधारचौकटीवर आखलेले आहेत आणि नंतरची मोजमापं १९८३ च्या. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम जाळीवर या दोन चौकटींत उत्तर-दक्षिण जवळजवळ २०० मीटरचा फरक पडतो. जुन्या चौकटीतला आकडा नव्या चौकटीत तसाच भरला, तर डोंगराच्या अल्याडचा बोगदा पल्याडच्या खोऱ्यात जाऊन पडतो. मग त्याचं पाणी कोणत्या ओढ्याला मिळतं याचा सगळाच हिशेब चुकतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या कागदावरून आली, कोणत्या चौकटीत आहे आणि तिच्यात किती मीटर चूक संभवते, हे लिहून ठेवणारा माणूस या कामात सर्वांत मोलाचा.

वरून काय दिसतं

कागदांवरची यादी हाताशी आली की विमानातून घेतलेली माहिती तिच्यावर ठेवली जाते. लायडार तंत्रात विमानातून लेसरचे लाखो ठोके जमिनीवर सोडतात. काही झाडांच्या शेंड्यांवरून परततात, काही फांद्यांमधून वाट काढत मातीपर्यंत पोहोचतात. फक्त मातीवरून परतलेले ठोके निवडले की संगणकावर झाडं नाहीशी होतात आणि उघडा डोंगर समोर येतो. त्यात बोगद्याचं तोंड उतारात कोरलेल्या खाचेसारखं दिसतं आणि खाचेच्या लगेच खाली पंख्याच्या आकाराचा ढीग. ही जोडी एकदा ओळखू यायला लागली की कोणत्याच कागदावर नसलेल्या जागाही सापडतात. उलटही होतं. कागदावर फुली असते आणि जागेवर काहीच नसतं, कारण मधल्या शंभर वर्षांत हिमस्खलनानं किंवा दरडीनं खड्डा बुजवलेला असतो.

लायडारला आकार कळतो, रसायन कळत नाही. त्यासाठी वर्णपटमापक वापरतात. सूर्यप्रकाश जमिनीवरून परावर्तित होताना प्रत्येक खनिज त्यातल्या ठरावीक तरंगलांबी गिळतं, त्यामुळं परतलेल्या प्रकाशात त्या खनिजाची सही उरते. कोलोरॅडोतल्याच लेडव्हिल या जुन्या खाणगावात १९९५ मध्ये नासाचं एव्हिरिस हे यंत्र विमानातून फिरवलं गेलं. यूएसजीएसच्या लोकांनी त्या माहितीतून जॅरोसाइट, गोएथाइट आणि हेमाटाइट ही लोहखनिजं कुठं आहेत ते वेगवेगळ्या रंगांत दाखवलं. तिघंही डोळ्यांना पिवळट-तांबूसच दिसतात. पण जॅरोसाइट तयार व्हायला पाणी फार आम्लयुक्त असावं लागतं. म्हणजे ज्या ढिगावर जॅरोसाइट, तिथून आम्ल झिरपतंय असा संशय घ्यायला हरकत नाही. गावभर पसरलेल्या ढिगांपैकी आधी कुठले तपासायचे हे त्यावरून ठरलं. एकेका ढिगाचे नमुने हातानं गोळा करत बसण्यात जाणारी दोनेक वर्षं वाचली, असा केंद्राच्या पर्यावरण खात्याचाच अंदाज होता.

मग डोंगरावर

तरीही माणसाला जागेवर जावंच लागतं. कोलोरॅडोच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९९१ ते १९९९ या काळात राज्यातल्या राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर हे काम केलं आणि सुमारे १८,००० नोंदी जमवल्या. सान हुआनमध्ये अकरा-बारा हजार फुटांवर बर्फ जुलैपर्यंत टिकतं आणि सप्टेंबरअखेर पुन्हा पडायला लागतं. वर्षाचं काम अडीच-तीन महिन्यांत उरकायचं.

जागेवर गेलेला माणूस आत शिरत नाही, हा पहिला नियम. शंभर वर्षांपूर्वीचे लाकडी टेकू कुजलेले असतात. आतली हवा प्राणवायूविना असू शकते आणि तिला वास नसतो. उभ्या शाफ्टवर कधीकाळी फळ्या टाकून वर माती पसरलेली असते, ती पायाखाली घट्ट जमिनीसारखीच लागते. कोपऱ्यात विसरलेल्या डायनामाइटच्या कांड्यांमधून नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर आलेलं असतं. तेव्हा सगळं बाहेरून: तोंडाची रुंदी-उंची, उघडं की ढासळलेलं, रस्त्यापासून किंवा पायवाटेपासून किती जवळ, ढीग किती मोठा, त्याचा पायथा ओढ्यात आहे की नाही, त्यावर गवत उगवलंय की तो उघडाबोडका आहे.

पाणी वाहत असेल तर कामाचा रोख बदलतो. पाण्याची आम्लता आणि विद्युतवाहकता छोट्या यंत्रांनी तिथंच मोजतात. प्रवाह बारीक असेल तर बादली आणि घड्याळ पुरतं: बादली किती सेकंदांत भरली, झालं. संशयास्पद पाण्याचा नमुना बारीक गाळणीतून गाळून, त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालून प्रयोगशाळेत जातो. आम्ल घातलं नाही, तर वाटेतच विरघळलेले धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि खराब पाणीही अहवालात स्वच्छ ठरतं.

वटवाघळांचीही नोंद होते. टाउनसेंडची मोठ्या कानांची वटवाघळं या बोगद्यांत हिवाळा काढतात, पिल्लंही वाढवतात. तोंड सरसकट बुजवलं तर ती आत अडकून मरतील. म्हणून अशा ठिकाणी माणूस आत जाणार नाही आणि वटवाघूळ सहज ये-जा करील, असं आडव्या गजांचं लोखंडी दार बसवतात. त्यासाठी तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा करावी लागते.

शेवटी प्रत्येक नोंदीला दोन वेगळे शेरे मिळतात: एक माणसाच्या जिवाला असलेल्या धोक्याचा, दुसरा पर्यावरणाच्या हानीचा. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, हे या कामातलं मोठं शहाणपण. पायवाटेशेजारचा कोरडा शाफ्ट माणसाच्या जिवावर बेतेल, पण नदीला त्याचा काडीचा त्रास नाही. दगडांनी पूर्ण बंद झालेल्या, कुणाला दिसणारही नाही अशा तोंडातून रोज किलो-किलोनं जस्त नदीत जात असू शकतं. कोलोरॅडोतल्या त्या १८,००० नोंदींपैकी पर्यावरणाच्या दृष्टीनं पुढं तपासाव्यात अशा निघाल्या सुमारे ९००. विसात एक.

या यादीला एक भोक मात्र होतं. १८७२ च्या कायद्यानं विकलेले पट्टे सरकारी जंगलाच्या मध्येच खासगी मालकीची बेटं म्हणून उरले आहेत, आणि जंगल खात्यासाठी केलेली तपासणी त्यांच्या हद्दीत शिरत नव्हती. धातू सापडलेल्या जागाच लोकांनी नावावर करून घेतल्या होत्या. म्हणजे मोठ्या खाणी बहुतेक या बेटांवरच.

पाण्याचा हिशेब

धातूखाणीचं पाणी का बिघडतं? सोनं, चांदी, जस्त, शिसं यांच्या शिरांत बहुधा पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधकाचं संयुग. जमिनीत गाडलेलं असतं तोवर ते गप्प असतं. बोगदा खणला की हवा आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतं, त्यातून गंधकाम्ल तयार होतं, आणि लोहावर जगणारे जिवाणू ही क्रिया कितीतरी पटींनी वाढवतात. आम्लानं दगडातलं जस्त, कॅडमियम, तांबं, ॲल्युमिनियम विरघळतं. हे पाणी बाहेर येऊन स्वच्छ ओढ्यात मिसळलं की लोह नारिंगी गाळ होऊन तळाशी बसतं. जस्त मात्र पाण्यातच पुढं जातं आणि ट्राउट माशांना ते फार थोडंही मारक ठरतं. गोव्यातल्या बंद लोहखाणींशी याची गल्लत करू नये. तिथलं खनिज मुख्यतः ऑक्साइड आहे, त्यात पायराइटचा असा साठा नाही. म्हणून तिथला मोठा प्रश्न शेतात आणि नदीत उतरणाऱ्या गाळाचा आहे, आम्लाचा नाही. नकाशात काय नोंदवायचं, हे असं दगडावरून ठरतं.

आता दोन बोगदे घेऊन उदाहरणादाखल हिशेब करू. पहिल्यातून सेकंदाला अर्धा लिटर पाणी येतं, भडक नारिंगी, आणि लिटरमध्ये २० मिलिग्रॅम जस्त. दुसऱ्यातून सेकंदाला २० लिटर येतं, दिसायला नितळ, आणि लिटरमध्ये फक्त २ मिलिग्रॅम. पहिला नदीत सेकंदाला १० मिलिग्रॅम जस्त टाकतो, म्हणजे दिवसाला ८६४ ग्रॅम. दुसरा सेकंदाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला जवळपास साडेतीन किलो. छायाचित्र पहिल्याचं निघतं, बातमी त्याची होते. नदी मारतो तो दुसरा, चौपट जोरानं. म्हणून नकाशावर नुसती तीव्रता लिहून भागत नाही, तिला प्रवाहानं गुणावं लागतं.

त्यातही सगळं पाणी बोगद्याच्या तोंडातून येत नाही. काही ढिगाखालून, काही ओढ्याच्या तळातून झिरपतं. ते पकडण्यासाठी यूएसजीएसच्या लोकांनी सिल्व्हरटनजवळून वाहणाऱ्या ॲनिमस नदीच्या वरच्या खोऱ्यात एक साधी, पण चिकाटीची पद्धत वापरली. ओढ्याच्या वरच्या टोकाला एखादा निरुपद्रवी क्षार ठरलेल्या वेगानं सतत सोडायचा आणि खाली थोड्याथोड्या अंतरावर एकाच दिवशी नमुने घ्यायचे. समजा, क्षार सेकंदाला १ ग्रॅम सोडला आणि पहिल्या ठिकाणी लिटरमध्ये २ मिलिग्रॅम सापडला. म्हणजे प्रवाह सेकंदाला ५०० लिटर. पुढच्या ठिकाणी तो १.९ मिलिग्रॅम निघाला, तर प्रवाह झाला सुमारे ५२६ लिटर. मधल्या टप्प्यात काठावर एकही ओहळ दिसत नसला, तरी २६ लिटर पाणी कुठून तरी आत शिरलं आहे. त्याच दोन नमुन्यांत जस्तही एकदम वाढलेलं असेल, तर पाणी कुठं मुरतंय याचा पत्ता काही मीटरांपर्यंत लागतो.

यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी सगळ्यांनाच रुचणारी नव्हती. सगळा दोष खाणींचा नाही. सिल्व्हरटनभोवतीचे लाल डोंगर जुन्या ज्वालामुखींच्या गरम पाण्यानं आतून बदललेले आहेत आणि माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून आम्ल सोडत आहेत. ओढ्यांच्या काठी लोहानं सांधलेल्या खडीचे थर आहेत. त्यांत अडकलेल्या लाकडाचं वय काढलं, तर ते हजारो वर्षांचं निघतं. १८७० च्या दशकातल्या सर्वेक्षकांनीही इथल्या सिमेंट क्रीक या ओढ्याचं पाणी पिण्यालायक नसल्याचं लिहून ठेवलं होतं. म्हणून सगळे बोगदे बंद केले तरी काही ओढ्यांत मासे येणार नाहीत. ते ओढे कोणते हे नकाशानं आधीच सांगितलं, तर पैसा तिथं वाया जात नाही.

जमिनीखालचा नकाशा

ठिपक्यांच्या नकाशाला सर्वांत मोठा अडसर येतो तो खाली. ४ जून १९७८ रोजी, सिल्व्हरटनजवळच्या सनीसाइड खाणीवर असलेलं लेक एमा नावाचं तळं तळ फुटून खाणीत उतरलं. शीर खालून वर खणत लोक तळ्याच्या फारच जवळ पोहोचले होते. पाणी, गाळ आणि लाकडं सगळ्या पातळ्यांमधून कोसळत डोंगराच्या पायथ्याशी अमेरिकन टनेल या लांब बोगद्यातून बाहेर पडली. तो रविवार होता, आत कुणी नव्हतं, म्हणून जीव वाचले. वरचं तळं आणि खालचा बोगदा नकाशावर दोन वेगळ्या खोऱ्यांत होते. डोंगराच्या पोटात त्यांच्यात वाट होती.

सनीसाइड १९९१ मध्ये बंद झाली. अमेरिकन टनेलमधून वाहणारं पाणी किती वर्षं शुद्ध करत बसायचं? म्हणून १९९६ पासून त्यात काँक्रीटची बुचं बसवण्यात आली. मोरी तुंबली की पाणी शेजारच्या न्हाणीत वर येतं, हे कुणाही घरधन्याला ठाऊक असतं. इथंही डोंगरात पाण्याची पातळी चढत गेली. ज्या बोगद्यांतून आधी नाममात्र पाणी येत होतं, त्यांचा प्रवाह वाढला. त्यांत एक होती गोल्ड किंग खाण, १८८७ मध्ये हक्क सांगितलेली आणि १९२० च्या दशकात बंद पडलेली. बुचं आणि वाढलेला प्रवाह यांचा संबंध बहुतेक अभ्यासक मानतात. सनीसाइडच्या मालक कंपनीला तो मान्य नव्हता.

गोल्ड किंगचं तोंड ढासळलेलं होतं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याची तुकडी तिथला ढिगारा उपसत असताना मागं साचलेलं पाणी फुटून बाहेर आलं: सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी दहा लाख लिटरच्या वर. ते सिमेंट क्रीकमधून ॲनिमसमध्ये गेलं, मग सान हुआन नदीत. न्यू मेक्सिको, यूटा आणि नवाहो लोकांच्या भूभागातून नारिंगी पाणी वाहिलं. नंतर ब्युरो ऑफ रेक्लमेशन या केंद्राच्याच दुसऱ्या खात्यानं केलेल्या तपासात मुख्य त्रुटी पुढं आली ती अशी: मागं पाणी किती उंच साचलंय हे थेट मोजलंच नव्हतं, बाहेरच्या खुणांवरून तोंड अर्धवटच भरलं असावं असं गृहीत धरलं होतं. गंमत म्हणजे शेजारच्याच रेड अँड बोनिटा खाणीत काही वर्षांपूर्वी वरून छिद्र पाडून ती पातळी तपासलेली होती.

इथं हे लक्षात घ्यायला हवं, की गोल्ड किंग ही कुणालाही न सापडलेली खाण नव्हती. ती यादीत होती, नकाशावर होती, तिच्यातून पाणी येतं हेही ठाऊक होतं. नकाशावर नव्हती ती डोंगराच्या आतली पाण्याची उंची. आता या भागात जुने खाणनकाशे त्रिमितीत उतरवून कोणता बोगदा कोणत्या पातळीवर आहे, मधले खडक कुठं पातळ आहेत, पाण्याची उंची महिन्यागणिक किती बदलते, हे एकत्र पाहिलं जातं. पिट्सबर्गजवळच्या राष्ट्रीय खाणनकाशा संग्रहात मायक्रोफिल्मवर ठेवलेल्या जुन्या आराखड्यांना त्यामुळं नवं मोल आलं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सिल्व्हरटनजवळचा हा सगळा भाग 'बोनिटा पीक मायनिंग डिस्ट्रिक्ट' या नावानं केंद्राच्या सफाई यादीत गेला. त्यात प्रदूषणाचे स्रोत धरले ४८. या एकाच भागातले, एकत्र विचार करावा असे अठ्ठेचाळीस.

असा नकाशा वाचावा कसा

क्रम लागला तरी लगेच काम होतं असं नाही. अमेरिकेच्या जलशुद्धता कायद्याखाली, जो बोगद्याच्या पाण्याला हात लावील त्याच्यावर पुढच्या सगळ्या प्रदूषणाची जबाबदारी येऊ शकत होती. त्यामुळं मदत करू इच्छिणाऱ्या मच्छीमार संघटना आणि स्थानिक संस्था लांबच राहायच्या. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्यानं, खाणीशी पूर्वी संबंध नसलेल्या अशा संस्थांना संरक्षण देणारे जास्तीत जास्त १५ प्रायोगिक परवाने द्यायची सोय केली. पंधराच आहेत, तेव्हा ते कुठं वापरायचे हेही पुन्हा नकाशालाच विचारावं लागणार.

आपल्याकडं खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो, हा नियम धातू आणि इतर खनिजांच्या खाणींसाठी २००३ मध्ये आला. आराखडे मंजूर करणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपूरला आहे. पण त्या भागातल्या मँगनीजच्या खाणी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या. या नियमाआधी सोडलेल्या खड्ड्यांचा हिशेब असाच, कागदांपासून सुरू करून, मागं जाऊन लावावा लागतो.

कुणी तुमच्यासमोर बंद खाणींचा नकाशा ठेवला, तर ठिपके किती यापेक्षा चार प्रश्न विचारा. प्रत्येक ठिपका जागेवर जाऊन पाहिलाय की कागदावरून उतरवलाय? कोणत्या जमिनीवर पाहणी करणाऱ्यांना पाऊल टाकता आलं नाही? पाणी कोणत्या महिन्यात मोजलं? कारण वितळत्या बर्फाच्या जूनमध्ये आणि कोरड्या ऑक्टोबरमध्ये एकच बोगदा दोन निरनिराळी उत्तरं देतो. आणि चौथा प्रश्न, नोंद केली त्यानंतर शेजारच्या डोंगरात कुणी काही बुजवलं, बांधलं किंवा फोडलं का? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर आसपासच्या प्रत्येक ठिपक्याची तारीख संपली असं समजावं आणि पाण्याची पातळी पुन्हा मोजून येईपर्यंत तिथल्या एकाही तोंडाला हात लावू नये.